आस तुटू नये म्हणून

स्मरणिकेसाठी काही लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा माझ्या विषयावरील लेखाची असावी. मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी का राहायचे, भूल उतरताना थंडी का वाजते, अशा प्रश्नांवर चार पाने मी सहज लिहू शकलो असतो. परंतु गेल्या वार्षिक संमेलनापासून एक गोष्ट मनात घर करून राहिली आहे. ती एकदा कागदावर उतरवावी, म्हणजे मनावरचे ओझे हलके होईल आणि कदाचित आपल्या मुलांपैकी जी गिटार वाजवतात त्यांच्या उपयोगीही पडेल, असे वाटले. गोष्ट जेमतेम दोन सेकंदांची आहे. सभागृहातील बहुतेकांना त्या वेळी ध्वनिक्षेपकात काही बिघाड झाला असे वाटले असेल. बिघाड ध्वनिक्षेपकात नव्हता. चूक माझी होती.

भाऊंची पेटी

मी सिल्वासात आलो १९९४ साली. आजूबाजूला औद्योगिक वसाहती वाढत होत्या, वापीहून येणाऱ्या रस्त्यावर मालमोटारींची रीघ लागलेली असे आणि बाहेरून आलेली आम्ही मराठी कुटुंबे एकमेकांना धरून होतो. या गावात माझे पहिले स्वागत केले ते एका बालरोगतज्ज्ञाने. वयाने ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. गावात सगळे त्यांना 'भाऊ' म्हणत, म्हणून मीही भाऊ म्हणू लागलो. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, "काही वाजवता का?" महाविद्यालयात असताना गिटारवर चार सूर छेडले होते, एवढे मी बोलून गेलो आणि आमच्या डॉक्टरांच्या वाद्यवृंदात कायमचा अडकलो. कान-नाक-घसातज्ज्ञ तबल्यावर, स्त्रीरोगतज्ज्ञ हार्मोनियमवर, मी ताल धरणाऱ्या गिटारवर आणि मुख्य गिटार भाऊंकडे, अशी आमची मांडणी ठरून गेली.

आपल्याकडे पेटी म्हटले की हार्मोनियम आठवते. भाऊंची पेटी निराळी होती. ती म्हणजे चाकांवर चालणारा एक काळा खोका, इंग्रजीत ज्याला रॅक म्हणतात तो. त्याची रुंदी एकोणीस इंच, ध्वनियंत्रांसाठी जगभर ठरलेली. खोक्यातल्या सरकत्या फळीवर गिटारचा आवाज बदलणारी पेडले रांगेने बसवलेली, त्यांच्या मागे वायरींचे जाळे आणि पुढे पायाने दाबायच्या बटणांची एक पट्टी. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, रविवारी दुपारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत कैय्याने ते जोडायचे आणि प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी चिकटवायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा उद्योग. चिठ्ठ्यांवरचे अक्षर मात्र अस्सल डॉक्टरी. ते वाचायला औषधाच्या दुकानातला माणूसच हवा.

आमच्या प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट ठरलेला असे. सुधीर फडके यांच्या एखाद्या चालीची धून भाऊ एकट्याने वाजवत. बाबूजींचे स्थान या गावात केवळ संगीतकाराचे नाही, हे वेगळे सांगायला नको. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या अमलाखालून मुक्त करणाऱ्या तुकडीत बाबूजी स्वतः होते. २२ जुलैला दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. या कामासाठी निधी उभा राहावा म्हणून लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. या भूमीच्या मुक्तीत सुरांचा असा वाटा आहे, म्हणून शेवटचा सूर बाबूजींचा असावा, एवढेच भाऊंचे म्हणणे असे.

धुनेचा अखेरचा स्वर छेडून झाला की भाऊ पायाने एक बटण दाबत. प्रतिध्वनी देणारे यंत्र बंद होई, पण त्या स्वराची आस हळूहळू विरत जाई आणि तिच्या खालून ते दुसरा, अगदी कोरा, प्रतिध्वनीविरहित सूर अलगद आणून ठेवत. तोच सूर धरून सगळे उभे राहत आणि राष्ट्रगीत सुरू होई. वीस-बावीस वर्षे मी त्यांच्या शेजारी उभा होतो. बटण बंद करूनही आस का राहते, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

आस म्हणजे काय

वाचकांपैकी अनेकांना या यंत्रांचा परिचय नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. तंबोऱ्याची तार छेडून बोट उचलले तरी नाद मागे रेंगाळतो, त्याला आपण आस म्हणतो. देवळातल्या घंटेला आस असते, तबल्याच्या बायाला असते. विजेच्या गिटारचा स्वर मात्र त्या मानाने कोरडा. म्हणून त्याला कृत्रिम प्रतिध्वनीची जोड देतात. त्या यंत्राचे नाव 'डिले', म्हणजे विलंब. आलेला स्वर ते क्षणभर धरून ठेवते, मग पुन्हा ऐकवते, आणि ऐकवलेल्यातला काही भाग परत स्वतःच्याच तोंडात घालते. अशी आवर्तने होत होत नाद मावळतो.

निसर्गात हेच काम अंतर करते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरची भिंत सतरा मीटरवर असेल तर आपला आवाज जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि तो आपल्याला वेगळा ऐकू येतो. विजापूरचा गोलघुमट सहलीत पाहिलेला नाही असा मराठी माणूस विरळा. मुहम्मद आदिलशहाच्या त्या कबरीवरील घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे ४४ मीटर आहे. सज्जातून एक टाळी वाजवावी आणि ती किती वेळा परत येते ते मोजत बसावे, हा तेथील मुलांचा आवडता खेळ. परंतु गोलघुमट काही रंगमंचावर नेता येत नाही.

तो खोक्यात भरण्याची धडपड माणसाने चुंबकीय फितीपासून सुरू केली. एका चुंबकाने फितीवर स्वर टिपायचा आणि थोड्या अंतरावरील दुसऱ्याने तो वाचायचा. मधले अंतर कापायला फितीला लागणारा वेळ हाच विलंब. इकडे दादरा-नगर हवेलीचा लढा चालू होता त्याच १९५४ सालच्या जुलैत अमेरिकेतील मेम्फिस येथे सॅम फिलिप्स आपल्या छोट्या ध्वनिमुद्रणगृहात एल्व्हिस प्रेस्ली या नवख्या गायकाची पहिली गाणी मुद्रित करत होते. फितीच्या प्रतिध्वनीचा तो झपका पुढे त्या ध्वनिमुद्रणगृहाची ओळख ठरला. १९६० साली इंग्लंडच्या 'द शॅडोज' या वाद्यवृंदाने वाजवलेल्या 'अपाची' या धुनेत हँक मार्विन यांची गिटार अशाच फितीच्या प्रतिध्वनीतून बोलली. १९७४ साली रोलँड या जपानी कंपनीचे 'स्पेस एको' आले.

फिती झिजत, ताणल्या जात. १९६९ साली फिलिप्सच्या संशोधनशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी एक वेगळीच युक्ती काढली. आग विझवताना माणसे ओळीने उभी राहून पाण्याची बादली एकाकडून दुसऱ्याकडे देतात, तशी विद्युतभाराची 'बादली' शेकडो छोट्या कप्प्यांतून पुढे सरकवायची. शेवटच्या कप्प्यात पोहोचेपर्यंत लागणारा काळ म्हणजे विलंब. या रचनेला बादल्यांच्या रांगेवरूनच नाव पडले. पायाखाली मावणारी डिलेची पेडले तिच्यामुळे शक्य झाली. पुढे १९८३ साली बॉस या कंपनीने 'डीडी-२' हे पेडल आणले. त्यात स्वराचे आकड्यांत रूपांतर करून तो स्मृतीत साठवला जाई आणि विलंब ८०० मिलिसेकंदांपर्यंत लांबवता येई.

डॉक्टरांना यातील गणित परके वाटणार नाही. गाण्याची लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर दोन मात्रांमध्ये ५०० मिलिसेकंद जातात. नाडीचे १२० ठोके असताना ईसीजीच्या पट्टीवर दोन उंच टोकांमध्ये जेवढे अंतर, तेवढेच हे. साठ हजाराला लयीने भागले की विलंब मिळतो. नाद मावळण्याचे गणित तर औषधांच्या अर्धायुष्याचेच. भाऊंचे यंत्र ४०० मिलिसेकंदांवर लावलेले असे आणि प्रत्येक आवर्तनात नादाची पातळी निम्मी होई. पाच आवर्तनांनंतर उरतो बत्तिसावा हिस्सा, म्हणजे जेमतेम तीन टक्के. पाच अर्धायुष्यांनंतर औषध शरीरातून जवळजवळ गेले असे आपण समजतो, तसेच. पंख्यांच्या घरघरीत त्यापुढचे ऐकू येत नाही. पाच गुणिले ४०० मिलिसेकंद म्हणजे दोन सेकंद. मी आरंभी म्हटले ती दोन सेकंदे हीच.

मी केलेली दुरुस्ती

भाऊ गेले त्याला आता दोन वर्षे होतील. तीन महिन्यांनी वहिनींनी मला घरी बोलावले. पेटी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली होती. "तुम्ही घेऊन जा. घरात नुसती बघवत नाही. वाजत राहिली तर बरं वाटेल," त्या म्हणाल्या. वार्षिक संमेलनात भाऊंच्या स्मरणार्थ बाबूजींची धून मी वाजवावी, असेही तेव्हाच ठरले.

घरी आणून मी पेटी उघडली. आवाजात बारीक शूऽऽ अशी खरखर होती. तिचा माग काढता काढता एक जोडणी दिसली, ती मला सरळसरळ चुकीची वाटली. बाकीची सगळी पेडले बटणांच्या पट्टीतून नीट जात होती. बटण बंद केले की ते पेडल दोन्ही बाजूंनी तुटे आणि गिटारचा स्वर त्याला वगळून थेट पुढे जाई. डिलेचे मात्र तसे नव्हते. गिटारच्या स्वराचे एका ठिकाणी दोन फाटे केले होते. एक फाटा सरळ एका छोट्या मिक्सरकडे जात होता. दुसरा फाटा बटणातून डिलेकडे आणि डिलेतून त्याच मिक्सरच्या दुसऱ्या भोकात. डिलेच्या आत जाणाऱ्या वायरीवर बटण होते, बाहेर येणाऱ्या वायरीवर काहीच नव्हते. म्हणजे बटण बंद असले तरी यंत्र मिक्सरला जोडलेलेच! खरखर येते ती येथूनच, असे मी अनुमान काढले.

त्या बाहेर येणाऱ्या वायरीवर एक चिठ्ठी होती. बऱ्याच प्रयत्नाने मी ती वाचली: 'बंद करू नये'. विजेच्या जोडणीबद्दल काही सूचना असेल, असे समजून मी ती बाजूला ठेवली.

मग मी 'दुरुस्ती' केली. छोटा मिक्सर काढून टाकला. डिले इतर पेडलांसारखाच बटणांच्या पट्टीत रांगेत बसवला. त्यात मूळ स्वर आणि प्रतिध्वनी निम्मेनिम्मे मिसळतील अशी कळ फिरवली. खरखर खरोखरच कमी झाली. मला स्वतःचे कौतुक वाटले. सराव केला तो घरी, कमी आवाजात, आणि शेवटचा बदल कधी वाजवून पाहिलाच नाही. धून पाठ होती, एवढ्यावर मी निर्धास्त होतो.

संमेलनाच्या रात्री सभागृह भरलेले होते. पहिल्या रांगेत वहिनी, शेजारी परगावाहून आलेली त्यांची मुलगी. धून मनासारखी झाली. अखेरचा स्वर छेडला, पहिला प्रतिध्वनी आला आणि भाऊंच्या सवयीप्रमाणे मी बटण दाबले.

कात्रीने कापावा तसा नाद तुटला. सभागृहात एक विचित्र पोकळी झाली. मी गडबडलो आणि काहीतरी राहून गेले असे वाटून तेच बटण पुन्हा दाबले. तोवर मी पुढचा कोरा सूर छेडलेला होता. डिले यंत्राच्या पोटात जुना स्वर अजून फिरतच होता. त्याची दोन उरलेली आवर्तने नव्या सुरावर येऊन आदळली, शिळी आणि बेसूर. हार्मोनियमवाल्या डॉक्टरांनी प्रसंगावधान राखून राष्ट्रगीताचा सूर दिला आणि सगळे उभे राहिले.

नंतर जेवणाच्या वेळी अनेकांनी पाठ थोपटली. वहिनी जवळ आल्या, छान झालं म्हणाल्या आणि क्षणभर थांबून अगदी सहज बोलल्या, "ह्यांचा शेवटचा सूर मात्र असा एकदम जात नसे, हो." तक्रारीचा लवलेशही त्यात नव्हता. भाऊ अतिदक्षता विभागात अकरा दिवस होते. तेथे मी रोज जात होतो आणि शेवटच्या दिवशी काय घडले ते आम्हा दोघांनाही माहीत होते. ते वाक्य ऐकून मला घास गिळवेना.

रोज करतो तेच दिसले नाही

त्या रात्री दोन वाजता मी पेटी पुन्हा उघडून बसलो आणि वायरींचा मार्ग कागदावर काढला. तेव्हा भाऊंची जोडणी माझ्या ध्यानात आली. ध्यानात आल्यावर स्वतःचाच राग आला, कारण त्यामागचे तत्त्व मी गेली तीस वर्षे रोज शस्त्रक्रियागृहात पाळत आलो आहे.

शस्त्रक्रिया संपत आली की मी भुलेचा वायू सोडणारी कळ शून्यावर आणतो. म्हणजे नवा वायू आत जाणे थांबते. परंतु जो वायू रुग्णाच्या रक्तात आणि मेंदूत आधीच आहे, तो त्याच्या श्वासावाटेच बाहेर पडणार असतो. तो मार्ग मी मोकळा ठेवतो, प्राणवायूचा प्रवाह वाढवतो आणि थांबतो. आत जाणारे बंद करायचे, बाहेर येणारे नाही. भूल उतरायला लागेल तेवढा वेळ तिला द्यायचा. कोणताही शहाणा भूलतज्ज्ञ 'आता काम झाले' म्हणून श्वासाची नळी दाबून धरणार नाही. रंगमंचावर मी नेमके तेच केले होते.

भाऊंनी बटण डिलेच्या तोंडाशी ठेवले होते. ते बंद केले की नवा स्वर आत जात नसे, पण आत असलेला नाद आपल्या गतीने विरून बाहेर येई, कारण बाहेरची वाट कधीच बंद होत नव्हती. 'बंद करू नये' याचा अर्थ तो होता.

आपल्या जुन्या वाद्यकारांना ही गोष्ट किती आधीपासून ठाऊक होती! सतारीला मुख्य तारांच्या खाली तरफा असतात. वादकाने वरची तार बोटाने दाबून थांबवली तरी तरफा आपल्या घुमत राहतात, कारण त्यांची वाट वेगळी आहे. आपल्या परिसरातील वारली बांधवांचा तारपाही पाहा. भोपळ्याच्या त्या वाद्याचा नाद नाच संपेपर्यंत तुटत नाही. वादक नाकाने श्वास घेत असताना गालांत साठवलेली हवा वाद्यात सोडत राहतो. खानवेलकडे तपासणी शिबिरे असत तेव्हा भाऊ तारपा ऐकत कितीतरी वेळ उभे राहत. ते नाच पाहत असावेत, असे मला वाटे.

तीन वाटा

ज्यांच्या घरी गिटार आणि पेडले आहेत, त्यांच्यासाठी मी या निमित्ताने शिकलेले थोडक्यात देतो. आस टिकवण्याच्या मुख्यतः तीन वाटा आहेत.

पहिली वाट पेडलाच्या आतली. काही डिले पेडलांत अशी सोय असते की ते बंद केल्यावर फक्त आत जाणारा स्वर अडतो आणि साठलेली आवर्तने बाहेर पडत राहतात. इंग्रजीत त्याला 'ट्रेल्स' असे नाव आहे. त्यासाठी लहानसा खटका किंवा सुरू करताना बटण दाबून धरण्याची रीत असते. याची किंमत एवढीच की बंद असतानाही स्वर पेडलातील विद्युतमंडलातून जातो, निव्वळ तारेतून नाही. पुष्कळ वादकांना निव्वळ तारेचा आग्रह असतो. लांब वायरीत गिटारचे तीव्र स्वर मंदावतात हे लक्षात घेता चांगले मंडल मध्ये असणे उपकारकच ठरते. एक सावधगिरी मात्र हवी: असे पेडल रॅकमधील बटणांच्या पट्टीत रांगेत बसवले आणि पट्टीचे बटण दाबून ते तोडले, तर आतली सोय निरुपयोगी होते. माझ्या बाबतीत हेच झाले असते.

दुसरी वाट भाऊंची, समांतर जोडणीची. स्वराचे दोन फाटे करायचे, मूळ स्वर थेट मिक्सरला द्यायचा, डिलेकडे जाणाऱ्या फाट्यावर बटण ठेवायचे आणि डिलेचे बाहेर येणे कायम खुले ठेवायचे. मोठ्या वादकांच्या रॅकमध्ये हीच पद्धत १९८० च्या दशकापासून रूढ झाली. येथे डिलेमधून फक्त प्रतिध्वनी यायला हवा, मूळ स्वर नको. नाहीतर तोच स्वर दोन वाटांनी येऊन एकमेकाला खाऊ लागतो आणि आवाज पोकळ होतो. मिक्सरची थोडी खरखर येते, ती चांगला वीजपुरवठा आणि योग्य पातळ्या लावून कमी करता येते. आवर्तनांची कळ फार पुढे गेली तर नाद मावळण्याऐवजी वाढत जातो. अशा वेळी बटण दाबून काही होत नाही, मिक्सरची कळच खाली आणावी लागते.

तिसरी वाट आजकालच्या मुलांच्या हाती असलेल्या एकत्रित यंत्रांची. त्यांत एका जुळणीवरून दुसरीवर जाताना यंत्र पूर्वीची स्मृती पुसून टाकत असेल तर आस तुटते. जुनी जुळणी मावळेपर्यंत नवीही चालू ठेवण्याइतकी ताकद यंत्रात असेल, तरच ती टिकते. ती सोय असल्यास यंत्राच्या मांडणीत शोधून चालू करावी लागते. नसल्यास, त्या दोन आवाजांसाठी एकच जुळणी ठेवून तिच्यातील डिले तेवढा चालू-बंद करावा.

आणखी एक गोष्ट. डिलेच्या पुढे, म्हणजे त्याच्यानंतर, जे काही जोडलेले असेल ते बदलले की आसही बदलते. आवाज फाडणारे पेडल डिलेच्या नंतर असेल आणि ते मध्येच बंद केले, तर विरणारा नाद अर्ध्यात रंग बदलेल. म्हणून डिले शक्यतो रांगेच्या शेवटाकडे ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे: सराव करताना धून संपवून थांबू नये. बटण दाबून, शांतता होईपर्यंत ऐकावे. मी तेवढेच केले नव्हते.

पुन्हा एकदा

पुढच्या रविवारी मी छोटा मिक्सर परत बसवला आणि भाऊंच्या चिठ्ठ्यांबरहुकूम सगळी जोडणी पूर्ववत केली. खरखर परत आली. तिचे कारण अखेर वीजपुरवठ्याच्या एका सैल जोडणीत सापडले. ती आवळायला दोन मिनिटे लागली.

२ ऑगस्टला, मुक्तिदिनाच्या संध्याकाळी, पेटी घेऊन मी वहिनींकडे गेलो. आधी कळवले नव्हते. दिवाणखान्यात, तीच जागा पाहून मांडली. बाहेर पाऊस होता. धून वाजवली, अखेरचा स्वर छेडला आणि बटण दाबले. नाद एकेका आवर्तनाने उतरत गेला. घरात पंखा बंद होता, म्हणून दोन सेकंदांहून पुष्कळ जास्त वेळ तो ऐकू येत राहिला. कोरा सूर मी मुद्दामच वाजवला नाही. पूर्ण शांत होईपर्यंत वहिनी हलल्या नाहीत. मग डोळे पुसून उठल्या आणि "चहा टाकते," म्हणाल्या.

पेटी आता वाद्यवृंदाच्या सरावाच्या खोलीत असते. आपल्यापैकी कोणाच्याही मुलाने ती जरूर वाजवावी, हवी तशी उघडून पाहावी. फक्त डिलेच्या बाहेर येणाऱ्या वायरीवरील चिठ्ठी वाचावी. भाऊंची मूळ चिठ्ठी मी तशीच ठेवली आहे. तिच्याखाली दुसरी लावली आहे, तीवर तोच मजकूर या वेळी छापील अक्षरांत लिहिला आहे.